जर्मनीत आधी सिलॅबस वाचतात

फेब्रुवारी उजाडला की शेवटच्या वर्षाची मुलं माझ्या केबिनबाहेर घुटमळू लागतात. हातात एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. "मॅडम, एकदा नजर टाकाल?" पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी कॉम्प्युटर विभागात शिकवते, आणि परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रं बघण्याचं काम विभागाने केव्हाच माझ्या गळ्यात घातलं आहे. त्या एसओपीची सुरुवात बहुधा ठरलेली असते: बाबांनी घरी संगणक आणला आणि आयुष्याला दिशा मिळाली. ही दिशा लिहून देण्याचे कन्सल्टन्सीने बरेच पैसे घेतलेले असतात.

अर्ज अमेरिकेला असेल तर एसओपी मीही बारकाईने वाचते. तिथल्या प्रवेश समित्या त्यातून माणूस शोधतात. पण अर्ज जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात इन्फॉर्मेटिक्सच्या मास्टर्ससाठी असेल, तर तो कागद बाजूला सारून मी विचारते, "सिलॅबसची फाइल कुठाय?" ती नसते. सिलॅबस परीक्षेच्या आदल्या रात्री बघायची गोष्ट, असाच आपल्याकडे समज आहे.

तिथला पहिला प्रश्न अगदी रुक्ष असतो. तुमची पदवी आमच्या बॅचलरशी जुळते का? प्रत्येक विषयाचं नाव, घटक, तास, क्रेडिट आणि पाठ्यपुस्तकं यांचा तक्ता करून द्यावा लागतो. युरोपात पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला ६० ईसीटीएस क्रेडिट मोजतात, म्हणजे चार वर्षांचे २४०. आपली पदवी १६० क्रेडिटची धरली तर आपल्या ४ क्रेडिटच्या पेपराचे प्रमाणाने ६ होतात. सगळीच विद्यापीठं असं गणित करत नाहीत; काही जण तास मोजतात, आणि मग आकडा घटतो.

खरी मेख पुढे आहे. थिअरेटिकल कॉम्प्युटर सायन्स, गणित, अल्गोरिदम अशा एकेका गटात अमुक इतके क्रेडिट हवेतच, अशी अट अनेक ठिकाणी असते. आपला अभ्यासक्रम वेब टेक्नॉलॉजी, क्लाउड, सॉफ्ट स्किल्स, ऑडिट कोर्स यांनी गच्च भरलेला. थिअरीच्या रकान्यात टाकायला हाती काय उरतं? डिस्क्रीट मॅथ्स आणि टीओसी, म्हणजे थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन. त्यातही पंपिंग लेमा आणि अनिर्णेयता मुलं सर्रास ऑप्शनला टाकतात. ज्या पेपराला वर्षभर नावं ठेवली, त्याच्याच घटकांची यादी मग माझ्यासमोर बसून टाइप करतात: रेग्युलर भाषा, कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामर, ट्युरिंग मशीन. ईअँडटीसीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमच्या मुलाचं तर अधिकच अवघड. दोन वर्षं उत्तम सॉफ्टवेअर लिहून पगार घेतलेला असतो, पण या रकान्यात शून्य. नोकरीचा दाखला तिथे चालत नाही. हे कठोर आहे. तरी मला ते प्रामाणिक वाटतं. नकाराचं पत्र आलं तर कोणत्या गटात किती क्रेडिट कमी पडले हे बहुधा कळतं. अमेरिकेच्या नकारातून काहीच कळत नाही.

दुसरं गणित गुणांचं. जर्मनीत १ म्हणजे उत्कृष्ट आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपले गुण बव्हेरियन सूत्राने बदलतात: सर्वोच्च गुणांतून आपले वजा करा, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण यांच्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. सीजीपीए ८ असेल आणि किमान उत्तीर्ण ४ धरलं, तर उत्तर येतं २.०. किमान ५ धरलं की २.२. एखाद्या विद्यापीठाची अट २.५ ची असेल, तर पहिल्या हिशेबात ७ वर भागतं, दुसऱ्यात ७.५ लागतं. म्हणून ट्रान्स्क्रिप्टच्या मागे बारीक अक्षरांत छापलेला श्रेणींचा तक्ता स्कॅन करताना वगळायचा नाही, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगते. तरी मुलं पुढचीच बाजू स्कॅन करतात.

शिफारसपत्रांबद्दल थोडक्यात. ती कशी तयार होतात हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. जर्मनीत अनेक ठिकाणी ती मागतच नाहीत, याचा मला मनापासून आनंद आहे.

पालकांना मात्र पैशांचं ऐकायचं असतं. जर्मनी फुकट, ही समजूत आता तितकीशी खरी नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्रामागे ४,००० ते ६,००० युरो लावले. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे. शिवाय शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र, जे १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना सक्तीचं झालं. त्याला वेळ लागतो, म्हणून कागद लवकर जमवायचे.

आणि मग येतो रँकिंगचा विषय. मी झारब्रुकेनचं नाव काढलं की समोरचे काका चष्मा पुसतात. "हे आहे कुठे?" फ्रान्सच्या सीमेवर, लहानसं शहर. पण मॅक्स प्लांकची संगणकशास्त्राची संस्था तिथल्याच विद्यापीठाच्या आवारात आहे. अल्गोरिदममध्ये ज्यांचं नाव जगभर आहे ते कुर्ट मेलहॉर्न तिचे संस्थापक संचालक. सॉफ्टवेअर सिस्टिम्सची दुसरी मॅक्स प्लांक संस्था, कृत्रिम बुद्धिमत्तेचं राष्ट्रीय केंद्र आणि सायबर सुरक्षेचं सिस्पा हेही त्याच गावात. घरभाडं म्युनिकच्या मानाने बरंच कमी. मुलगा थिअरीत रमणारा असेल तर मी म्युनिकच्या आधी हे नाव लिहायला सांगते.

काका तरीही म्युनिकच म्हणतात. मुलगा मात्र हळूच झारब्रुकेनचाही अर्ज भरतो. तिथे पोचलेल्यांपैकी एकाचा पहिल्याच सत्रात मेसेज आला होता: "मॅडम, टीओसीच्या तुमच्या नोट्स आहेत का? चौथं युनिट मी ऑप्शनला टाकलं होतं." पीडीएफ पाठवली.