कोळ्यावरचा आळ

सेवानिवृत्तीनंतर फायलींचे वर्गीकरण सुटले आणि घरातील कोळ्यांचे सुरू झाले. इंदूरच्या आमच्या जुन्या घरात ते मुख्यतः तीन प्रकारचे आढळतात. छताच्या कोपऱ्यात विस्कळीत जाळे विणणारा, काडीसारख्या लांब पायांचा कोळी धक्का लागताच थरथरू लागतो. भिंतीवरचा चिमुकला कोळी जाळ्यावाचून, उडी घेऊन माशी पकडतो. रात्री न्हाणीघरात दिसणारा, पाय पसरून तळहाताएवढा होणारा चपटा तपकिरी कोळी पाहून मंडळी किंचाळतात. तो मात्र झुरळांच्या शोधात असतो. यांपैकी कोणीही सहसा माणसाच्या वाटेला जात नाही.

तरीही आमच्या माळव्यात अंगावर फोड उठले, की ‘मकडी फिरली’ म्हणून लेप लावतात. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनींच्या बरगडीवर, एकाच बाजूस, आग होऊन फोड उठले. लेपाची तयारी चालली होती. “वहिनी, आधी डॉक्टरांना दाखवा,” असा मी आग्रह धरला. ती नागीण निघाली. तिच्यावरील औषध फोड उठल्यापासून ७२ तासांत सुरू होणे हिताचे असते. कोळ्यावर आळ घेण्यात नेमका तोच वेळ जातो.

जळमटे काठीला केरसुणी बांधून अवश्य काढावीत. मोठ्या कोळ्यावर पेला उपडा घालून, खालून जाड कागद सरकवून त्याला अंगणात सोडावे. परंतु चौकशीवाचून कोणास दोषी ठरवू नये, हा नियम केवळ कचेरीपुरता नाही.