नाकापेक्षा सायनस जड

न्यू जर्सीतला वसंत आधी डोळ्यांना आवडतो आणि मग नाकाला नडतो. माझे नाक तर पुढे बारा महिने चोंदलेलेच राहू लागले. आईने फोनवर सांगितलेला वाफारा झाला, सुंठ-वेखंडाचा लेप झाला, इथल्या डॉक्टरांची अँटिबायोटिक्स आणि स्टिरॉइडचे फवारे झाले. डोकेदुखी सोसवत होती. पण हळूहळू वासच येईनासा झाला. फोडणी करपली तरी धूर दिसेपर्यंत पत्ता नाही! जेवणात उरले ते फक्त खारट, तिखट, आंबट, गोड.

सीटी स्कॅनमध्ये दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप दिसले, म्हणजे अस्तर फुगून झालेले द्राक्षांसारखे घोस. शस्त्रक्रियेचे नाव निघताच मला काका आठवले. त्यांच्या वेळी ओठ उचलून, हिरडीच्या वर छेद देऊन, गालाच्या हाडाला खिडकी पाडली होती. आईनेही बजावले, "नाकात हत्यार घालू देऊ नकोस गं."

मग मी थोडे वाचले. ऑस्ट्रियातल्या ग्रात्झच्या मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिले होते, की सायनसमधला स्राव आपोआप खाली ओघळत नाही. अस्तरावरचे सूक्ष्म केस त्याला नैसर्गिक तोंडाकडेच ढकलत नेतात. खाली दुसरे भोक पाडले, तरी तो त्याला वळसा घालून जुन्याच दाराशी जातो, पुढचे दार उघडे असताना मागच्या दारानेच येणाऱ्या शेजाऱ्यांसारखा. तेव्हा तेच दार मोकळे करायचे. १९८५ साली अमेरिकेत डेव्हिड केनेडी यांनी या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला 'फंक्शनल' हे विशेषण दिले, ते यासाठीच. नुसता फुगा फुगवून दार रुंद करण्याची सोयही २००५ पासून इथे आहे. मी मोठ्या आशेने विचारले. पण माझ्या पॉलिपना ती पुरणार नव्हती.

डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितले, "नाक मोकळे होईल. वास परत येईलच असे नाही, आणि पॉलिप पुन्हा वाढू शकतात." सही करताना हात क्षणभर थांबला.

पूर्ण भूल, दोन तास, चेहऱ्यावर एकही टाका नाही, संध्याकाळी घरी. खरा त्रास नंतरचा. नाक शिंकरायचे नाही, जड उचलायचे नाही, आणि दुर्बिणीतून खपल्या काढताना खुर्चीचे हात घट्ट धरायचे! हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून लिहिते.

आता रोज मिठाच्या पाण्याने नाक धुते. आई म्हणते, "अगं, ही तर आपली जलनेती!" खरेच आहे, पण नळाचे पाणी तसेच वापरू नका. २०११ साली लुइझियानात तशा पाण्यातून अमीबा मेंदूत शिरून दोघे दगावले. उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्ड पाणीच घ्या.

तिसऱ्या आठवड्यात कॉफीचा वास आला, मग डेटॉलचा. हिंगाला दोन महिने लागले. कोथिंबीर अजून नाही.