पंडिताबाईंचा वर्ग

पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. सेमिनरीत असताना आम्ही तो नुसता चाळला होता. गेल्या प्रायश्चित्तकाळात तो पुन्हा हाती घेतला आणि एका पानापाशी अडलो, ते अडलोच.

१८८३ साली विधवा रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या अँग्लिकन धर्मभगिनींना त्या मराठी शिकवीत आणि त्यांच्याकडून इंग्रजी शिकत. तेथेच त्या वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींनी स्नानसंस्कार घेतला. डॉक्टर व्हावे ही इच्छा होती. पण कानांनी दगा दिला. पुढे १८८४ पासून चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या एकीकडे विद्यार्थिनी होत्या आणि दुसरीकडे संस्कृतच्या शिक्षिका. ज्या परदेशात आपल्याला सगळे नवे शिकायचे, तेथेच आपल्याजवळचे शिकवून पोट भरायचे, असे ते जिणे.

मग प्रश्न आला तरुण पुरुषांना शिकविण्याचा. मुंबई व लाहोर येथील अँग्लिकन बिशपांना ते रुचले नाही. रमाबाईंनी पुरुषांना शिकविले तर हिंदुस्थानात त्यांचे नाव खराब होईल, असे त्यांचे म्हणणे. बाईंना ह्याचे नवल वाटले. ज्यांच्या वडिलांनी पत्नीला संस्कृत शिकविले, ज्यांनी कलकत्त्यात पंडितांच्या सभेत बोलून १८७८ साली ‘पंडिता’ ही पदवी मिळविली, त्यांना मोकळ्या म्हणविणाऱ्या देशात ही आडकाठी! क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरण्यासही त्या राजी नव्हत्या. आपल्या देशभगिनींना लॅटिन कळणार नाही, संस्कृतच हवे, हा त्यांचा आग्रह. आम्ही स्वतः सेमिनरीत लॅटिनचे प्रत्यय घोकलेले. तरी ह्या बाबतीत आमचे मत बाईंच्या बाजूने पडते. मुख्याध्यापिका मिस बील ह्यांनी मात्र त्यांच्या धर्मविषयक शंका धीराने ऐकून घेतल्या, हे त्यांच्या पत्रांवरून दिसते.

ते पान वाचता वाचता आम्हांस आमच्या एका जुन्या धर्मग्रामातील एक बाई आठवल्या. मंगळूरकडच्या, तेथील महिला महाविद्यालयाच्या पदवीधर, लग्न होऊन महाराष्ट्रात आलेल्या. शाळेत हिंदी शिकवीत. घरी कोंकणी, वर्गात हिंदी, बाजारात मराठी. आणि ‘ळ’ चा उच्चार आमच्यापेक्षा स्वच्छ. २००४ साली त्यांनी कॉलेजातील मुलामुलींसाठी रविवारी संध्याकाळी बायबलवर्ग घेण्याची तयारी दाखविली. दोन रविवार वर्ग रंगला. तिसऱ्या रविवारी काही वडीलधारी मंडळी आमच्याकडे आली. मोठ्या मुलग्यांना बाईने धर्म शिकवावा, तोही परगावच्या, हे त्यांना बरे दिसेना. आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. बाईंना बोलावून म्हणालो, “तुम्ही लहान मुलांचा वर्ग घ्या. तेथे गरज जास्त आहे.”

त्या इतकेच म्हणाल्या, “होय, फादर.” लहान मुलांना त्यांनी चार वर्षे शिकविले. पुढे यजमानांची बदली झाली.

आम्ही बिशप नव्हतो, गाव चेल्टनहॅम नव्हते; कारण मात्र तेच, लोक काय म्हणतील. रमाबाई १८८६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेस निघाल्या, कारण आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या. १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले. त्या अडविल्या गेल्या, पण थांबल्या नाहीत. आमच्या बाईंच्या बाबतीत तसे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्ही त्यांची पुढे कधी चौकशीच केली नाही.

पुनरुत्थानाच्या सणानंतर त्यांचा पत्ता मिळविला. पत्र लिहावयास बसलो, मराठीतच. ‘सप्रेम नमस्कार’ लिहून झाले आहे.