फुकट राबणं म्हणजे स्वयंसेवा नव्हे

'दिवसाला पाच तास काम करा, राहणं-जेवण मोफत.' अशा जाहिराती आता आपल्या वस्तीतल्या पोरांच्या मोबाईलवरही येतात. फोटोत बालीचं नाहीतर अंदमानचं बेट असतं, बांबूची झोपडी असते, हसरे तरुण असतात. बालीला जायची आमची ऐपत नव्हती, पण तसंच ठिकाण आमच्याच जिल्ह्यात निघालं. साताऱ्याहून कास ओलांडून बामणोलीला उतरायचं आणि तिथून लाँचने कोयनेच्या बॅकवॉटरमध्ये आत जायचं. तीन बाजूंना शिवसागर जलाशय, चौथ्या बाजूला जंगल. म्हणायला बेटच. तिथे एका शहरी मालकाने इको-लॉज बांधलं आहे. दिवाळीनंतर आम्ही तिघे, दोघे साताऱ्याचे आणि एक मिरजेचा, दहा दिवसांसाठी तिथे 'स्वयंसेवक' म्हणून गेलो.

खोटं कशाला बोला, पहिले तीन दिवस आम्हाला स्वर्ग मिळाल्यासारखं वाटलं. पहाटे पाण्यावर धुकं, रात्री आभाळभर चांदण्या, मोबाईलला रेंज नाही. काम होतं झाडलोटीचं, पाहुण्यांचं सामान धक्क्यावरून वर आणण्याचं, रोपांना पाणी घालण्याचं आणि कंपोस्ट संडासात भुसा टाकून त्याची टाकी उपसण्याचं. पहिल्याच दिवशी मालकाने आम्हाला पूर्ण नावं विचारली. आमच्यातल्या एकाचं आडनाव गावावरून पडलेलं, 'कर'ने संपणारं. त्याला पाहुण्यांचं स्वागत आणि स्वयंपाकघर मिळालं. बाकी दोघांच्या आडनावावरून जात कळते. त्यांच्या वाट्याला झाडू आणि संडास आला. योगायोग असेल, असं आम्ही एकमेकांना समजावलं. शिकलेली माणसं अशीच स्वतःची समजूत घालतात.

चौथ्या दिवशी धक्क्यावर एक मावशी भेटली. आमच्या मोबाईलवर बाबासाहेबांचा फोटो बघून तिने हळूच "जय भीम" घातला. मग विचारलं, "तुमी किती दिस हायसा?"

"दहा दिवस, मावशी."

"म्हंजे दहा दिस आमची हजेरी न्हाई."

मावशी आणि तिची जाऊ, दोघी एरवी या लॉजची झाडलोट करतात. तीनशे रुपये हजेरी. स्वयंपाकघरात त्यांना प्रवेश नाही. भांडी बाहेरच्या नळावर घासायची. स्वयंसेवक आले की मालक निरोप धाडतो, सध्या येऊ नका. मावशीच्या सासऱ्यांचं जुनं घर याच पाण्याखाली आहे. धरणात गाव गेलं तेव्हा ज्याच्या नावावर जमीन होती तो जमिनीच्या बदल्यात जमीन मागू शकला. "आमच्या नावावर व्हतंच काय?" एवढंच ती म्हणाली.

त्या रात्री आम्ही हिशेब मांडला. दोन बायका, तीनशे रुपये, दहा दिवस. सहा हजार रुपये. मालकाचे ते वाचले होते आणि ते आम्ही वाचवून दिले होते. आम्ही निसर्गाची सेवा करत नव्हतो, आमच्याच बायांच्या चुलीतलं लाकूड ओढत होतो.

मित्रांनो, राहण्या-जेवणाच्या बदल्यात राबणं ही पद्धत आपल्याला नवी आहे का? आपल्या बापजाद्यांनी वेगळं काय केलं? महार वतनात दिवस-रात्र सरकारची आणि गावाची कामं, एक माणूस नसेल तर त्याच्या जागी घरातलं दुसरं माणूस, आणि बदल्यात तुटपुंजी वतनी जमीन आणि बलुत्याचं धान्य. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं, ते या गुलामगिरीला रोख मोबदल्याचा आणि सुटकेचा मार्ग मिळावा म्हणून. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतनं संपली. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीवर बंदी घातली. १९८२ साली एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोटाच्या मजबुरीने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबावं लागणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे. एवढी लढाई लढून मिळवलेला मजुरीचा हक्क आम्ही चांदणं बघण्याच्या मोबदल्यात सोडून दिला होता.

कुणी म्हणेल, मग स्वयंसेवा वाईटच का? अजिबात नाही. समता सैनिक दलाचे सैनिक स्वयंसेवकच होते. पण त्यांच्या घामातून कुणाच्या गल्ल्यात नफा पडत नव्हता. याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' चालवलं. तिथेही पोरं राबत होती, पण त्यांच्या कष्टाचं फळ त्यांच्याच शिक्षणात जमा होत होतं. फरक कामात नाही. घाम कुणाचा आणि नफा कुणाचा, हा खरा प्रश्न आहे.

आणि हे जे 'गावाकडचं साधं जीवन' म्हणून विकलं जातं, त्याबद्दलही आपण सावध असायला हवं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या या भाबड्या कौतुकाचे वाभाडे काढले होते. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, २०१० मध्ये सातारा-सांगलीच्या डोंगरात सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला, २०१२ मध्ये कासला जागतिक वारशाचा मान मिळाला. पर्यटक वाढले, चांगलं झालं. पण पर्यटनाचा धंदा करायला आधी जमीन लागते, भांडवल लागतं. ज्यांच्या नावावर सातबाराच नाही, त्यांच्या वाट्याला या 'हरित' धंद्यातही झाडूच येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही मालकाशी बोललो. तो शांतपणे म्हणाला, "तुमच्यावर जबरदस्ती केली का? तुम्ही आपणहून आलात." खरं होतं. आम्ही सांगितलं, एक तर आमच्या कामाची हजेरी त्या दोघींना द्या, नाहीतर त्यांना कामावर बोलवा; आम्ही आमच्या जेवणाचे पैसे भरून जातो. शनिवार-रविवारचं बुकिंग भरलेलं होतं. त्याने दोघींना बोलावलं आणि आम्हाला सकाळच्या लाँचने जायला सांगितलं.

आम्ही जिंकल्याच्या थाटात मावशीला भेटायला गेलो. ती रागावली होती. "मला इचारलं व्हतं का? तुमी जाल. आमाला हितंच ऱ्हायाचंय." यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांच्यासाठी लढायचं त्यांना न विचारता लढणं ही कार्यकर्त्याची मस्ती असते, हे ती आम्हाला शिकवून गेली. महिनाभराने फोन केला, तेव्हा कळलं की लॉजवर नवे स्वयंसेवक आले आहेत आणि दोघी पुन्हा घरी बसल्या आहेत.

मग करायचं काय? फिरणं सोडायचं नाही. प्रवास आणि मुक्काम आपल्यासाठी कधीच नुसती मौज नव्हती. साताऱ्यात शिकणारा भीमराव वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला, तेव्हा जात कळताच त्याला बैलगाडी मिळेना आणि वाटेत पाणी मिळेना. १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांबरोबर दौलताबादचा किल्ला बघायला गेलेल्या बाबासाहेबांना तिथल्या हौदाच्या पाण्यावरून अपमान सोसावा लागला. म्हणून ताठ मानेने फिरणं, कुठेही मुक्काम करणं हा आपला कमावलेला हक्क आहे.

पण असं 'मोफत राहण्याचं' आमंत्रण आलं की आधी चार प्रश्न विचारा. हे काम एरवी कोण करतं? त्याला हजेरी किती मिळते? मी गेल्यावर त्याचं काम जातं का? आडनाव बघून काम वाटलं जातं का? उत्तर मिळालं नाही तर जाऊ नका.

आणि आपली वाट आपण बांधू. सातारा-सांगलीत काय कमी आहे? सावित्रीमाईंचं नायगाव, जोतीरावांच्या पूर्वजांचं कटगुण, ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव जिथे दाखल झालं ते साताऱ्याचं प्रतापसिंह हायस्कूल, त्याच शहरातली माता भीमाईंची समाधी, मसूरचं स्टेशन, आणि पुढे सांगली जिल्ह्यात अण्णाभाऊ साठेंचं वाटेगाव. या वाटेवर आपल्या वस्तीतल्या बायांचा बचत गट भाकरी-पिठलं देईल, आपली पोरं माहिती सांगतील आणि प्रत्येकाला कामाचा रोख दाम मिळेल. सुरुवात म्हणून येत्या ७ नोव्हेंबरला, विद्यार्थी दिनी, आम्ही तिघे सातारा ते वाटेगाव निघणार आहोत. जेवणाचे पैसे आधी बायांच्या हातात ठेवू, मगच ताटावर बसू.

यावेळी मावशीला आधी विचारलं आहे. ती म्हणाली, "भाकरी मी करीन. पन हजेरी चारशे."

द्यायचे ठरले आहेत.

जय भीम!