रोजकीर्द आणि खतावणी

गेल्या वैशाखांत अवकाळी वादळानें आमगांवची वीज एका सायंकाळीं तीन वेळां गेली व आली, आणि त्या धक्क्यांत आपल्या शाळेचा संगणक बंद पडला. त्यांत दोन गोष्टी होत्या: वार्षिक परीक्षेचे गुण, आणि आठवीच्या मुलामुलींनीं आसपासच्या खेड्यांतील वृद्ध स्त्रियांकडून फोनवर टिपून आणलेलीं रोवणीचीं गाणीं. गुणांची चिंता नव्हती; ते कागदावर होतेच. गाणीं मात्र अन्यत्र कोठेंहि नव्हतीं. फोनांत जागा हवी म्हणून मुलांनीं तेथलीं पुसून टाकिलीं होतीं.

“सर, सारें पुसून नव्यानें बसवूं या,” असें एका उत्साही विद्यार्थ्यानें सुचविलें. विद्यार्थिमित्रहो, अशा वेळीं नेमकें हेंच करूं नये!

संगणकाच्या हार्ड डिस्कवर मजकूर एकीकडे असतो, आणि तो कोठें ठेविला आहे याची खतावणी दुसरीकडे. खतावणी लिहितां लिहितां वीज गेली तर नोंद अर्धवट राहते. १९९३ सालीं रेमी कार्ड यांनीं लिनक्ससाठीं रचलेल्या पद्धतींत असें झालें म्हणजे सगळी डिस्क तपासावी लागे. पुढें स्टीफन ट्वीडी यांनीं तीस रोजकीर्द जोडली. २००१ सालीं ती लिनक्सच्या गाभ्यांत आली. जुने मुनीम व्यवहार आधीं रोजकीर्दींत टिपीत आणि मग खतावणींत चढवीत, तसाच हा प्रकार. वीज आली कीं पुऱ्या नोंदी चढवावयाच्या व अर्धवट सोडून द्यावयाच्या. काम क्षणांत होतें. परंतु ही रोजकीर्द बहुधा खतावणीचीच राखण करिते, कोठारांतील मालाची नव्हे. यंत्र “सर्व ठीक” म्हणतें तेव्हां हिशेब जुळला एवढेंच समजावें. पोतीं उघडून पाहणें आपल्याकडेच राहतें.

आमच्या खतावणीचें एक पान तर वाचतांच येत नव्हतें. म्हणून त्या डिस्कवर एक अक्षरहि न लिहितां प्रथम तिची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरविली. त्यास सारी रात्र लागली. मग तपासणी चालविली ती त्या नकलेवर. ज्या फायलींचें नांव गेलें पण अंग राहिलें, त्यांस ही तपासणी ‘लॉस्ट अँड फाउंड’ नामक कप्प्यांत टाकते आणि नांवाच्या जागीं नुसता क्रमांक देते.

असे चोवीस क्रमांक निघाले. सुटी असूनहि मुलें दोन दिवस ते ऐकत बसलीं. “ही माझी आजी!” असें कोणी ओरडे, आणि वहींत क्रमांकापुढें गांवाचें नांव पडे. पालकांपैकीं कांहीं जण आपल्या घरचा आवाज ओळखावयास मुद्दाम आले होते. एकवीस गाणीं पुरीं लागलीं. तीन फायली उघडल्या, पण त्यांतून आवाज येईना.

त्यांतील दोघी आजीबाईंनीं पुढें रोवणीच्या दिवसांत, बांधींतल्या चिखलांत उभ्या राहूनच, पुन्हां गाऊन दिलें. तिसऱ्या आजीबाई चैत्रांतच वारल्या होत्या. त्यांच्या नातीनें त्या मुक्या फायलीस त्यांचें नांव दिलें आहे, आणि ती आम्हीं पुसलेली नाहीं.