इंचभर खाली

पैसे मोजून उंची वाढवू पाहणारी माणसे पुष्कळ पाहिली. पैसे मोजून ती कमी करणारा आमचा पुतण्या पहिलाच. राहतो न्यू जर्सीत. त्याची माझदा मियाटा (१९८९ साली निघालेली ही दोन आसनी मोटार) मुळातच इतकी बुटकी, की तीत बसणे म्हणजे पाटावर बसणे. तीच आता इंचभर खाली आणायची!

"काका, आखूड स्प्रिंगा घेतोय. शॉकप जुनेच ठेवू?"

"त्यांचं काम काय रे?"

"वजन पेलते ती स्प्रिंग. खड्ड्यातून गेल्यावर ती उड्या मारत राहते, त्या शॉकप आवरतो."

म्हणजे स्प्रिंग कर्जदार, शॉकप जामीनदार! पुढचे खाते मला आपोआप वाचता आले. आखूड स्प्रिंग जास्त कडक, तिची उसळी जोरकस. त्यात शॉकपला हलायला जागा कमी. मवाळ कर्जदारासाठी सही केलेला जामीनदार या दांडगटाला कुठला पुरतो? लवकरच तेल गाळत बसणार.

"शॉकपही बदल."

"मग कोनीचे पिवळे घेतो. ते हवे तसे आवळता, सैल करता येतात."

"मार्चमध्ये तुझी आई येतेय. तिच्या कमरेचं ठाऊक आहे ना?"

मार्चमध्ये तिकडे बर्फ वितळून रस्त्यांना खड्डे पडतात. (परदेशातसुद्धा!)

"सैल ठेवले तर गाडी उड्या मारील," तो पुटपुटला, "आवळले तर प्रत्येक खड्डा आईला कळेल."

बराच वेळ शांतता. मग हळूच, "काका, विमानतळावर टॅक्सी नेली तर?"