घराचे अंतरंग

वैनगंगेच्या तीरावर, भंडारा शहराच्या समोर, कारधा हे गाव आहे. या गावातील एखाद्या मुलीने ‘मी कलामहाविद्यालयात गृहसजावटीचे शिक्षण घेणार’ असे म्हटले, तर वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडावी, यात नवल नाही. भिंतीला रंग देण्यास आणि खिडकीला पडदा लावण्यास एवढी वर्षे शिकायचे काय, असे ते विचारतील. धानाच्या पिकावर संसार चालविणाऱ्याला मुलांच्या शिक्षणाचा पैसाही बियाण्यासारखा मोजून टाकावा लागतो. तेव्हा तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे.

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईस कलाशाळा निघाली. पुढे बोरीबंदरचे भव्य स्थानक उभे राहिले, तेव्हा त्याच्या दगडी भिंतींवरील पाने, फुले, पशू व पक्षी यांच्या नक्षीकामात या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. चित्रकला व शिल्पकला यांच्या जोडीने गृहसजावटीलाही त्या संस्थेत स्थान मिळाले.

या विद्येचा आरंभ रंगांच्या डबीपासून होत नाही. तो मोजपट्टीपासून होतो. खुर्चीची बैठक जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर आणि लिहिण्याचे मेज सुमारे ७५ सेंटिमीटर उंच का असावे? कारण माणसाचा गुडघा आणि कोपर तेथे येतात. खोलीत प्रकाश कोणत्या बाजूने येतो, वारा कोठून शिरतो आणि कोठून बाहेर पडतो, दोन माणसे एकमेकांना न अडखळता कशी वावरतील, याचा आराखडा काढता काढता पहिले वर्ष सरते. मोठी मौज अशी, की यातील कितीतरी गोष्टी जुन्या घराने न शिकता जाणल्या होत्या. दिव्यासाठी भिंतीतच कोनाडा, जड वस्तूंसाठी माळा, उन्हाच्या वेळी बसावयास ओसरी! स्वयंपाकघरातील फळीवर उतरत्या क्रमाने मांडलेली भंडाऱ्याची पितळी भांडी पाहावीत. तेथे सोय आणि शोभा एकाच फळीवर नांदतात.

परंतु कारध्याच्या मुलीला शहरातील सहाध्यायांहून एक गोष्ट अधिक ठाऊक असते. ती म्हणजे पाणी. कारध्याच्या पुलापाशी वैनगंगेची पातळी मोजली जाते, २४५.५० मीटर ही तेथील धोक्याची खूण. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस नदीने ती केव्हाच मागे टाकली आणि काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. पूर ओसरल्यावर घरात काय उरते, हे अशा वेळी कळते. भुसा दाबून केलेली गुळगुळीत फळी पाण्याने फुगते, तिचे पदर सुटतात, आणि हप्त्याने घेतलेले कपाट बाहेर फेकावे लागते. सागाची जुनी पेटी मात्र सावलीत वाळवली, की पुन्हा कामास येते. मातीची भिंत तळाकडून ओल शोषते; म्हणून तिचा पाया आणि जोते दगडाचे हवे. हे ज्ञान ज्याच्यापाशी आहे, त्याला दिखाऊ वस्तूंचा मोह सहसा पडत नाही.

म्हणूनच, स्वतःच्या घराचा उभा छेद काढावयास सांगितला असता, अशी विद्यार्थिनी कागदावर आणखी एक आडवी रेघ ओढील. जमिनीपासून बरीच वर, दाराच्या चौकटीला छेदून जाणारी ती रेघ पुराच्या पाण्याची असेल. धानाची पोती, जमिनीचे कागद, धाकट्या भावंडांची पुस्तके आणि विजेची बटणे यांच्या जागा ती त्या रेघेच्या वर ठरवील. आजीचा हात पोहोचेल अशा बेताने फळीची उंची मग पुन्हा एकदा मोजावी लागेल. पडद्याचा रंग त्यानंतर.